सुगंधी तेलाने माल टिकतो काय? शिंगणापूरच्या रसवंतीवरून सुचलेले

नगरहून औरंगाबादकडे जाताना (आता कागदोपत्री अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर म्हणावयाचे) घोडेगावला शनिशिंगणापूरचा फाटा लागतो. या वाटेने आमचे जाणे-येणे वालिदसाहेबांच्या हयातीपासूनचे आहे. शनीच्या चौथऱ्यावर जाणाऱ्या पुरुषाने अंघोळ करून भगवे वस्त्र नेसावे असा तेथे रिवाज होता आणि त्या पंचांच्या व लुंग्यांच्या गाठी आमच्यासारख्या नगरच्या कापडवाल्यांकडून जात. धंदा पूर्वीइतका राहिला नाही, तरी वसुलीच्या निमित्ताने महिन्या-दोन महिन्यांतून फेरी होतेच.

शिंगणापूरचा रस्ता म्हणजे रसवंत्यांचा रस्ता. लाकडी घाणा, त्याला जुंपलेला बैल, आणि आले-लिंबू टाकून दिलेला उसाचा रस. अशाच एका ओळखीच्या रसवंतीवर गेल्या पावसाळ्याअगोदर आम्ही बसलो असता मालकाने खोक्यातून एक तपकिरी बाटली काढली आणि म्हणाला, "शेठ, तुम्ही चार ठिकाणी फिरता, जरा बघा. हे लवंगेचं तेल. एका फिरत्या विक्रेत्याने दिलंय. म्हणे लिटरला चार थेंब टाकले की रस दोन दिवस नासत नाही. नैसर्गिक आहे, केमिकल नाही. अमावस्येला आदल्या रात्रीच बाटल्या भरून ठेवीन म्हणतो."

शनी अमावस्येला तेथे किती माणूस लोटतो हे ज्याने पाहिले आहे त्याला या प्रश्नाचे वजन कळेल. हजार बाटल्या भरल्या आणि रस बिघडला तर धंदा तर बुडेलच, पण त्याहून वाईट म्हणजे लेकरे-बाळे आजारी पडतील. आम्ही म्हटले, "पाटील, आठ दिवस थांबा. विचारून सांगतो." आमचे शिक्षण उर्दू शाळेतले आणि उमर कापडात गेलेली. तेव्हा शास्त्रातले शब्द कोठे चुकले तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे. परंतु जे समजले ते आपल्या लोणचेवाल्या, मसालेवाल्या, बेकरीवाल्या आणि कबाबवाल्या बांधवांच्या कामाचे आहे, म्हणून लिहितो.

प्रथम तेल आणि तेल यांतला फरक. शिंगणापुरात शनीला जे वाहतात ते तिळाचे किंवा मोहरीचे तेल. ते घाण्यातून निघते, हाताला चिकटते आणि उडून जात नाही. (त्या तेलातही भेसळ होत असल्याने शिळेची झीज होते अशी तक्रार होती, आणि २०२५ च्या सुरुवातीला तेथे अन्नसुरक्षेच्या मानकांत बसणारे तेलच वाहावे असा निर्णय झाला.) लवंग, ओवा, दालचिनी, गवती चहा, रोशा गवत यांपासून मिळते ते तेल निराळ्या जातीचे. ते पाण्याच्या वाफेबरोबर निघते आणि उघडे ठेवले तर हवेत उडून जाते. आम्हा कापडवाल्यांना हा भेद डागावरून कळतो. तिळाच्या तेलाचा थेंब कापडावर पडला की गिऱ्हाईक गेले म्हणून समजावे. अस्सल अत्तराचा अर्क असेल तर वास राहतो, पण तेलकट वर्तुळ राहत नाही. कोऱ्या कागदावर थेंब टाकून पाहावे. तासा-दोन तासांनी, जड अर्क असेल तर दुसऱ्या दिवशी, कागद स्वच्छ झाला तर तेल उडणारे आहे. पारदर्शक डाग तसाच राहिला तर त्यात गोडे तेल मिसळलेले आहे.

हा अर्क काढण्याचा हुन्नर आपल्याला परका नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी यांनी अत्तरे आणि अर्क काढण्याच्या कृतींवर ग्रंथ लिहिला. कनौजचे अत्तरवाले आजही देग आणि भपका वापरतात. (मराठीत भपका म्हणजे डामडौल. अत्तरवाल्याच्या भाषेत मात्र वाफ थंड होऊन जेथे जमते ते भांडे. दुकानात हे सांगितले की लोक हसतात.) पण कनौजपर्यंत जावयास नको. मुंबई सरकारने १८८० साली छापलेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये पिंपळनेर भागातील रोशा तेलाची हकीकत आहे आणि ते काढणारे कारागीर मुसलमान होते असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. पावसाळा सरत आला की ही मंडळी भिल्लांकडून रोशा गवत विकत घेत आणि ओढ्याच्या काठी, जेथे पाणी व जळण दोन्ही मिळेल तेथे, चूल खणत. तांब्याच्या किंवा लोखंडी हंड्यात गवत कापून ठासायचे, थोडे पाणी घालायचे, झाकण कणकेने लिंपायचे. झाकणाच्या भोकातून वेळूची नळी काढून ती वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडविलेल्या दुसऱ्या हंड्यात सोडायची. नळीवर कापड गुंडाळून उडदाच्या पिठाने सांधे बंद करायचे. वाफ थंड झाली की पाण्यावर तेलाचा तवंग येई, तो हलक्या हाताने काढून घेत. माल सुरतेला आणि मुंबईला जाई. तेथून अरबस्तान, तुर्कस्तान. तुर्कस्तानात हे तेल गुलाबाच्या अत्तरात मिसळीत, कारण त्यातला मुख्य अंश जिरॅनिऑल हा गुलाबातही असतो. आणि हेही नोंदवून ठेवले पाहिजे की खानदेशच्या या मालात मुंबईच्या बाजारात टर्पेंटाइन मिसळले जाई व त्यामुळे त्याचे नाव खराब झाले. भेसळ ही काही आजची गोष्ट नव्हे.

आता जंतूंचे. लवंगेच्या तेलात युजेनॉल, ओव्याच्या तेलात थायमॉल, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, गवती चहात सिट्राल हे मुख्य अंश असतात. थायमॉल म्हणजे आपले ओव्याचे फूल. ते, पुदिन्याचे फूल आणि कापूर एकत्र केले की आपोआप पाणी होते, त्यालाच आपल्याकडे अमृतधारा म्हणतात. जंतूचे शरीर म्हणजे एक पेशी आणि तिच्या भोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण. हे अर्क पाण्यापेक्षा स्निग्धात लवकर मुरतात, त्यामुळे ते सरळ त्या आवरणात शिरतात आणि त्याची वीण सैल करतात. वीण सैल झाली की कापडाचे जे होते तेच येथे होते. आतले क्षार, शक्तीचा साठा बाहेर गळू लागतो आणि जंतू मरतो किंवा निदान वाढत नाही. शिंगणापूरच्या घरांना दारे नसत म्हणतात, तरी ती घरे नांदली. जंतूचे तसे नाही, त्याचे दार गेले की घर संपले. पण सगळ्या जंतूंचे दार सारखे कच्चे नसते. १८८४ साली ग्राम नावाच्या डॅनिश वैद्याने रंग लावून जंतूंचे दोन गट पाडले. त्यांपैकी ज्या गटात हगवण लावणारे ई. कोलाय आणि साल्मोनेला येतात, त्यांना बाहेरून आणखी एक आवरण असते. त्यांच्यावर हे अर्क साधारणपणे कमी चालतात. आणि काही जंतू संकट आले की बीजासारखे कवच करून पडून राहतात. त्या कवचाचे तर हे अर्क फारसे काही वाकडे करीत नाहीत.

म्हणजे विक्रेत्याचे म्हणणे खोटे नव्हते. लवंगेच्या तेलाने जंतू मरतात हे प्रयोगशाळेत पुष्कळदा सिद्ध झाले आहे. अडचण प्रयोगशाळेच्या बाहेर आहे. काचेच्या बशीत जंतूला लपायला जागा नसते. अन्नात चरबी असते, प्रथिने असतात, आणि हा अर्क जंतूकडे जाण्याआधी त्यांच्यातच मुरून बसतो. सारा बर्ट यांनी २००४ साली तोवरचे संशोधन एकत्र केले त्यात असे दिसते की बशीत जेवढी मात्रा पुरते तिच्या सुमारे दुप्पट मात्रा कमी सायीच्या दुधात लागते, मांसाच्या सॉसेजमध्ये दहापट, सूपमध्ये पन्नासपट आणि मऊ चीजमध्ये पंचवीस ते शंभरपट. आमच्या कबाबवाल्या भावांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. खिम्यात एवढे लवंगेचे तेल घातले तर जंतूच्या अगोदर गिऱ्हाईक पळेल. साधा हिशेब पाहा. शंभर किलो मालात एक दशांश टक्का म्हणजे शंभर ग्रॅम तेल झाले. एवढ्यानेच लोणचे दाताच्या दवाखान्यासारखे वासू लागते. जुन्या नियमांप्रमाणे शंभर किलो लोणच्यात बेंझोइक आम्ल जास्तीत जास्त पंचवीस ग्रॅम चाले. त्याला वास नाही आणि किमतीने ते लवंगेच्या तेलापुढे काहीच नाही. मोठे कारखाने बेंझोएट का वापरतात याचे उत्तर एवढेच आहे.

मग आपल्या आया-आज्यांची लोणची वर्षभर कशी टिकत? तेथे मसाला एकटा नसतो. मीठ पाणी ओढून घेते, कैरीचे आंबट जंतूला वाढू देत नाही, वरचे तेल हवा तोडते आणि मग मोहरी. फेसलेली मोहरी नाकात जाते ती उगीच नव्हे. अख्ख्या मोहरीत तो झणका नसतो. ती फोडून ओली केली की आतले दोन पदार्थ एकत्र येतात आणि त्यांतून तीक्ष्ण वाफ तयार होते, ती बुरशीला फार कडक आहे. जपानात याच जातीचा अर्क जेवणाच्या डब्यात ठेवायच्या कागदाला लावून विकतात. तो अन्नात घालावाच लागत नाही, नुसती वाफ पुरते. पण मोहरी आधी जास्त भाजली तर झणका निर्माण करणारा रस जळतो आणि गुण कमी होतो. घरच्या बायका हे जाणतात. कारखान्यात मात्र मोहरीची डाळ गरम तेलात टाकून मोकळे होतात.

लोथार लाइस्टनर या जर्मन संशोधकाने या प्रकाराला अडथळ्यांची शर्यत असे रूप दिले. एक उंच भिंत नको, पाच लहान अडथळे ठेवा, जंतू थकतो. थोडे आम्ल, थोडे मीठ, थोडी थंडी, थोडी उष्णता आणि थोडा अर्क. अशा मांडणीत सुगंधी तेलाला खरी जागा आहे, कारण आंबट व थंड मालात त्याचे काम सुधारते आणि मात्रा चवीच्या आत राहते. एकटे मात्र ते पहारेकरी म्हणून भरवशाचे नाही.

कायदाही पाहून ठेवावा. १९५५ च्या भेसळ प्रतिबंधक नियमांत टिकवण द्रव्यांचे दोन वर्ग होते. पहिल्या वर्गात मीठ, साखर, सिरका, मध, खाद्य तेले आणि मसाले. यांना सर्वसाधारणपणे मर्यादा नाही. दुसऱ्या वर्गात बेंझोएट, सॉर्बेट, गंधकाची द्रव्ये वगैरे, ज्यांना मात्रेची मर्यादा आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांतही हीच विभागणी आली. तेव्हा मसाला घालणाऱ्याला कायद्याची भीती नाही. पण मसाला आणि मसाल्याचा अर्क एक नव्हे. सुगंधी द्रव्यांत जे वर्ज्य ठरविले आहे त्या यादीत सॅफ्रोल, थुजोन आणि बीटा-असॅरोन आहेत. हा शेवटचा पदार्थ आपल्या वेखंडाच्या तेलात भरपूर असतो. वेखंड धान्याच्या कणगीत कीड लागू नये म्हणून ठेवतात ते ठीक, त्याचे तेल मिठाईत किंवा सरबतात घालू नये. नीलगिरीचे तेल, कापूर, विंटरग्रीन हे लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेले तरी जिवावर बेतते. लवंगेचे निखळ तेलसुद्धा मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

"नैसर्गिक आहे, केमिकल नाही" हे वाक्य ऐकले की आम्हाला १९९८ ची दिल्ली आठवते. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल मिसळले गेले, हजारो लोकांना सूज आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. पिवळा धोतराही रानात आपोआप उगवतो, त्यालाही कोणी कारखान्यात बनवीत नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगने आपल्या देशातील दोन नामांकित कंपन्यांच्या काही मसाल्यांची विक्री थांबविली आणि सिंगापूरने एक मसाला परत मागविला, कारण त्यांत एथिलीन ऑक्साइड हे जंतुनाशक सापडले. मिरी-धने स्वतःच जंतूंनी भरलेले येतात, म्हणून ते मारायला हा वायू वापरतात. ज्या मसाल्याच्या अर्काने जंतू मरतात म्हणून आपण फुशारकी मारतो, तोच मसाला मातीतून, उघड्या खळ्यावरून आलेला असतो. मसाल्याच्या धंद्यातील बांधवांनी वाळवण ताडपत्रीवर, जमिनीपासून उंच करावी. अर्कापेक्षा त्याने जास्त फायदा होईल.

आता त्या बाटलीकडे येतो. ती आम्ही दुकानात आणली आणि कागदावर थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी डाग जागच्या जागी. मग एका अत्तरवाल्या मित्राने दुसरी परीक्षा सांगितली. लवंगेचे अस्सल तेल पाण्यापेक्षा जड असते. साध्या पाण्याच्या ग्लासात थेंब टाकून काडीने हलवावे, तो तळाशी बसला पाहिजे. (उसाच्या रसात ही परीक्षा करू नये. रस साखरेने पाण्याहून जड झालेला असतो, त्यात चांगले तेलही तरंगेल.) आमचे थेंब वर तरंगत राहिले. बाटलीत निम्मे तरी दुसरेच तेल असावे. मात्र या घरगुती परीक्षांचा फार भरवसा धरू नये. टर्पेंटाइन मिसळले असेल तर ते कागदावरून उडून जाते आणि भेसळ लपते. लवंगेच्या पानांचे स्वस्त तेल कळीच्या तेलात मिसळले तर ते पाण्यातही बुडते. मोठी खरेदी असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागावा. कनौजला १९९१ पासून सरकारी सुगंध केंद्र आहे, तेथे अशी तपासणी होते. मागविलेला माल कशात विरघळविला आहे हेही विचारावे. 'फ्लेवर' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत स्पिरिट असते. वाफेने काढलेल्या निखळ तेलात ते नसते. आपल्या गिऱ्हाइकाला याचे उत्तर देणे आपल्यालाच भाग पडते.

अस्सल लवंगेचे तेल मित्राकडून थोडे घेतले आणि आम्ही पुन्हा शिंगणापूरला गेलो. पाटलांनी सकाळी दहाला रस काढला. तीन बाटल्या भरल्या, एक साधी, एक लिंबाची, एक चार थेंबांची. उसाचा रस म्हणजे जंतूंची मेजवानी. साखर भरपूर, आंबटपणा अगदी कमी, आणि उसाच्या कांडीवरची माती घाण्यातून थेट भांड्यात. दुपारी तीनला साधी बाटली आंबूस लागली. लिंबाची संध्याकाळपर्यंत बरी होती. लवंगेची बाटली वासाला ताजी होती, पण तेल वर कडे करून बसले होते. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पहिल्या घोटात जीभ बधिर आणि खालचा रस राखणीशिवाय. सकाळी बूच काढले तसा फस्सकन वायू निघाला. खाली आंबवण सुरू झाले होते. पाटील म्हणाले, "शेठ, वास चांगला आहे म्हणून कोणी पिऊन टाकलं असतं." नेमका धोका हाच होता. साधा रस बिघडला की नाकाला कळते. लवंगेच्या वासाने बिघाड झाकला गेला असता.

पाटलांना आम्ही एवढेच सांगितले की अमावस्येला बाटल्या भरू नका. ऊस आधी धुवा, कांडीचे शेंडे-बुडखे जास्त कापा, घाण्याचे लाट दर दोन तासांनी उकळत्या पाण्याने धुवा, बर्फ पिण्याच्या पाण्याचाच घ्या आणि लिंबू सढळ हाताने पिळा. बाटलीतच विकायचा असेल तर रस तापवून, आम्ल घालून, थंड साखळीत ठेवावा लागेल. तो निराळा धंदा आहे, त्याला परवाना आणि भांडवल लागते. त्यांनी बैल आणखी एक आणला आणि दोन घाणे चालविले.

आमच्या धंद्यापुरते सांगायचे तर पावसाळ्यात खळीच्या कापडावर बुरशी येते, कारण खळ म्हणजे शेवटी पिठूळच. गिरण्या पूर्वी खळीत झिंक क्लोराइड घालीत. आम्ही एकदा हौसेने अर्काचे पाणी गाठीवर शिंपडले होते आणि भगव्या पंचांवर पिवळसर ठिपके पडून तो सगळा गठ्ठा घाट्यात काढावा लागला होता. आता मित्राने दिलेले उरलेले तेल गोदामात आहे. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब, बोळा मातीच्या वाटीत आणि वाटी फळीवर, कापडापासून हातभर दूर. या वर्षी खालच्या थराच्या गाठी कोरड्या निघाल्या. अर्थात याच वर्षी आम्ही गाठी जमिनीवरून उचलून लाकडी पाटांवरही ठेवल्या, तेव्हा श्रेय तेलाला किती आणि पाटांना किती हे पुढच्या पावसाळ्यात पाटांशिवाय एक रांग ठेवून पाहणार आहोत.